झोलावियाची माती

क्लबच्या कपाटात सतरा चषक होते. चार पितळी, बाकीचे मुलामा दिलेले. संघाचे एकतीस फोटो होते, त्यांतल्या नऊ फोटोंच्या काचा फुटलेल्या. सभांच्या आणि सामन्यांच्या नोंदींच्या सहा वह्या, हवा गेलेला एक चामडी चेंडू, शिंप्याचं एक अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी. सगळ्यात खालच्या फळीवर कोकोचा जुना पत्र्याचा डबा. मी डबा काट्यावर ठेवला, आतली माती स्वच्छ कागदावर काढली आणि रिकामा डबा पुन्हा तोलला. माती एकशे एकतीस ग्रॅम भरली.

"एवढीच?" एमिल म्हणाला.

"एवढीच."

"निदान दिसते तरी जुनी." त्याने आमच्यामागे खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "काय विटोल्ड?"

म्हातारा म्हणाला, "मातीला वय विचारायचं नसतं."

ही गोष्ट २४ फेब्रुवारी २०१८ ची, शनिवारची. मी तेव्हा पोलंडमध्ये व्रोत्सवाफच्या विद्यापीठात भूरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या प्राध्यापकांकडे एका छोट्या गावातल्या फुटबॉल क्लबचं पत्र आलं होतं आणि विभागात मातीवर काम करणारी मी एकटीच असल्यामुळे ते माझ्याकडे आलं. गाडीने तासाभरावर ओल्शिन नावाचं गाव. क्लबचं नाव मात्र झोलाविया. झोलाव हे गाव तिथून साडेसहाशे किलोमीटर पूर्वेला, आज युक्रेनमध्ये. क्लब १९०९ साली तिथे सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या, झोलाव दुसऱ्या देशात गेलं आणि तिथल्या पोलिश लोकांना मालगाडीच्या डब्यांतून पश्चिमेला आणून ओल्शिनमध्ये उतरवण्यात आलं. त्यांच्याबरोबर क्लबही आला. येताना मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाने जुन्या मैदानाच्या मध्यबिंदूवरची माती या कोकोच्या डब्यात भरून आणली.

पहिल्या वहीत त्याची नोंद होती. गावातल्या औषधवाल्याच्या काट्यावर माती तोलली होती. दोनशे बारा ग्रॅम. तेव्हाचे अध्यक्ष शिंपी होते. त्यांनी आपलं अंगुस्तान दिलं आणि ठरलं, की दर हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्याला अंगुस्तानभर माती मध्यबिंदूवर टाकायची, तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि मगच खेळ सुरू करायचा. १९४६ पासून एकही हंगाम चुकला नव्हता.

एमिल हा आताचा अध्यक्ष. पंचेचाळिशीचा, टायरचं दुकान होतं त्याचं, आणि नखांतला काळेपणा कितीही धुतला तरी जात नसे. पुढच्या वर्षी क्लबला एकशे दहा वर्षं होणार होती. प्रेक्षकांसाठी नवी गॅलरी बांधायची होती आणि तिच्या खांबात हा डबा काचेआड बसवायचा होता. त्यासाठी त्याला विद्यापीठाचा शिक्का असलेला कागद हवा होता, की ही माती झोलावचीच आहे. शेजारच्या गावाशी सामना असला की तिकडचे लोक तालात ओरडायचे, 'तुमचा जन्म मालगाडीत'. क्लब १९०९ चा नाही, १९४६ चा आहे, असं त्यांचं म्हणणं. एमिल म्हणाला, की हे तो लहानपणापासून ऐकतोय आणि आता त्याला एकदाच, शास्त्राने, उत्तर द्यायचंय.

मला हे पटलं. मला कोल्हापूरची सवय होती. माझे बाबा पेठेच्या संघाचे गोलकीपर होते आणि दुसऱ्या पेठेतल्या माणसाकडून ते आजही दूध घेत नाहीत.

मी कुठली ते एमिलने विचारलं. भारत एवढ्यावर त्याचं समाधान झालं, पण विटोल्डनी पुढे विचारलं, भारतात कुठे. मी सांगितलं.

"कोल्हापूर," ते म्हणाले. दोन वर्षांत त्या देशात हा शब्द मला कुणाकडूनही नीट ऐकू आला नव्हता. त्यांनी तो अचूक उच्चारला. मग विचारलं, "शेंगदाणे अजून कागदाच्या पुडीत देतात का?"

ते १९४३ ते ४७ वळिवड्याच्या छावणीत होते. युद्धात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी कोल्हापूरजवळ होती हे मला माहीत होतं, पण तिथे राहिलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांची मावशी मराठीतला पहिला शब्द शिकली तो 'उद्या', कारण धोबी रोज तोच म्हणायचा, असं त्यांनी सांगितलं. त्यांची आई तिथेच वारली, पंचेचाळीस साली, विषमज्वराने. हे त्यांनी धोब्याच्याच सुरात सांगितलं आणि विषय संपवला. त्या दिवसापासून ते मला नावाने न बोलावता कोल्हापूर म्हणायला लागले.

डबा आणणारा तो मैदानवाला, लुदविक, त्यांचा बाप. हे मला एमिलकडून कळलं. लुदविक १९४६ पासून १९७८ पर्यंत दरवर्षी स्वतः माती टाकायचा आणि त्याच्या सावकाशपणाचे किस्से गावात अजून चालत. अंगुस्तान रिकामं करून तो मध्यबिंदूवर गुडघे टेकून बसूनच राहायचा. पोरं ओरडायची, लुदविक चर्चमधली मिस्सा म्हणतोय. एकदा तर वैतागलेल्या पंचाने त्याला शिट्टी मारून पिवळं कार्ड दाखवलं. एमिल हसत होता. विटोल्ड चष्मा पुसत होते.

"तो सगळीच कामं सावकाश करायचा," ते म्हणाले. "मी करतो आता. मला दहा सेकंद लागतात."

निवृत्त झाल्यावर, २००३ पासून, क्लबच्या खोलीची किल्ली आणि मातीचं काम त्यांच्याकडे होतं. त्याआधी ते शहरात ट्राम चालवत.

मी अंगुस्तान काठोकाठ भरून तोललं. ४.३ ग्रॅम. वह्यांतून दर हंगामाच्या पहिल्या सामन्याची नोंद उतरवून घेतली, एकही वर्ष सुटलेलं नाही ना हे पाहायला. तारीख, प्रतिस्पर्धी, सुरू झाल्याची वेळ, निकाल. वीस ग्रॅमचा नमुना पिशवीत भरला, उरलेली माती डब्यात परत टाकली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

गाडीतच मी साधा हिशेब केला. बहात्तर हंगाम, दर हंगामाला ४.३ ग्रॅम, म्हणजे ३०९.६ ग्रॅम माती डब्यातून गेली होती. मुळात २१२ होती. डबा १९९५ सालीच रिकामा पडायला हवा होता, आणि त्यात तर अजून १३१ ग्रॅम शिल्लक होती. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, किमान दोनशे एकोणतीस ग्रॅम माती त्यात घातली होती.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यात काय? आमच्या तालमीच्या हौद्यात दरवर्षी नवी माती पडते. तालीम बदलते व्हय त्यानं?" मग म्हणाले, "आणि माती तपासायला पोलंडला कशाला गेलीस गं, इथं काय कमी पडली होती?"

प्रयोगशाळेत माती दोन प्रकारची निघाली. निम्म्याहून थोडी कमी, पिवळसर, पिठासारखी बारीक; झोलावच्या बाजूला अशीच असते. बाकीची त्रेपन्न टक्के वेगळी. तांबूस तपकिरी, आणि तिच्यात काळे जड कण. चुंबक फिरवला की ते उभे राहायचे. ते बेसॉल्ट खडकाचे होते. ओल्शिनच्या आसपास बेसॉल्टच्या खाणी आहेत, मैदानाभोवतीच्या वाटेवर त्याचीच खडी घातलेली आहे, आणि त्या खडीचा एक तुकडा मी खबरदारी म्हणून आणला होता. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही कण काळे, दोन्ही चुंबकाला लागणारे.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. ती माती तळहातावर घेतली तेव्हा मला क्षणभर आमच्या घरामागच्या रस्त्याची आठवण आली होती. तोच रंग. मी तो विचार बाजूला ठेवला, कारण आठवण हा पुरावा नव्हे. दोन बेसॉल्टांमधला फरक रासायनिक चाचणीत कळतो. तिला चाळीस मिनिटं लागतात. पण क्लबचा प्रश्न 'ही माती झोलावची आहे का' एवढाच होता. त्याचं उत्तर मिळालं होतं, म्हणून मी ती चाचणी केली नाही.

अहवाल दीड पानाचा झाला. शेवटचा परिच्छेद असा होता: सत्तेचाळीस टक्के माती झोलाव परिसराशी जुळते. उरलेली बाहेरून मिसळलेली असून बहुधा मैदानालगतच्या खडीतून आलेली आहे. नमुना अशुद्ध आहे. शुक्रवारी २३ मार्चला मी तो एमिलला मेलने पाठवला. प्राध्यापकांनी छान म्हटलं. नेमकेपणाबद्दल.

शिक्क्याची प्रत घेऊन मी ओल्शिनला गेले ती ७ एप्रिलला, ईस्टर होऊन गेल्यावर. खोलीत विटोल्ड एकटेच होते. त्यांनी मला काचेच्या पेल्यात चहा दिला आणि कागद चाळला. आकडे त्यांना वाचता येत होते, पण ते माझ्या तोंडून ऐकायचे होते.

"म्हणजे कुणीतरी भर घातली."

"हो. किमान दोनशे एकोणतीस ग्रॅम."

"केव्हा?"

ते सांगता येत नाही, मी म्हणाले. पण दोन्ही माती अगदी एकजीव झाल्यात, त्यामुळे फार अलीकडे नाही.

"दोनशे एकोणतीस म्हणजे केवढी? हाताने दाखव."

मी दोन ओंजळी करून दाखवल्या, मग म्हटलं, छोट्या दोन. ते उठले, कोट चढवला आणि मला थांबायला सांगून बाहेर गेले. घर समोरच होतं. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा हातात बिस्किटांचा डबा होता आणि डब्यात लहान मुलाचा एक लोकरी मोजा. राखाडी. टाचेला दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं.

"यात मावेल?" त्यांनी विचारलं.

मी कारण विचारलं. त्यांनी ते सांगितलं, खिडकीकडे पाहत, फारसं न थांबता.

१९४० साली रशियनांनी झोलावमधून त्यांची आई, मावशी आणि दोन वर्षांचे ते अशा तिघांना गाडीत घालून सायबेरियाला नेलं. बाप त्या रात्री दुसऱ्या गावी होता, म्हणून राहिला. तिघं सायबेरियातून इराणला आणि तिथून वळिवड्याला पोचली. आई गेल्यावर दोन वर्षांनी छावणी रिकामी व्हायला लागली आणि मावशी त्यांना घेऊन परत निघाली. निघायच्या आदल्या दिवशी ती त्यांना आईच्या थडग्यावर घेऊन गेली. माती घ्यायला तिच्याकडे काही नव्हतं. तिने त्यांच्या पायातला मोजा काढला, त्यात माती भरली आणि वर गाठ मारली. बोटीवर, आगगाडीत, तपासणीच्या रांगांत तो मोजा त्यांच्या सदऱ्याच्या आत होता. मावशीने बजावलं होतं, की बाबांच्या हातात द्यायचा.

"मी दिला, सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात," ते म्हणाले. "त्याने घेतला. काही बोलला नाही. सकाळी उठलो तर मोजा दोरीवर वाळत होता. धुतलेला. आत काही नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नऊ वर्षांचा होतो. त्या माणसाला ओळखायला लागून मला तीन दिवस झाले होते." त्यांनी मोजा टेबलावर सरळ केला. "मला वाटलं, मळलेला मोजा समजून त्याने तो झटकला. पुढे मोठा झाल्यावर वाटलं, समजून उमजून झटकला. मग विचारायची इच्छाच उरली नाही. सतराव्या वर्षी घर सोडलं. एकोणऐंशीच्या जानेवारीत तो गेला, तेव्हा मला तार आली होती. माझी दुपारची पाळी होती. मी ट्राम चालवली."

मोजा माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "मोज, कोल्हापूर. तुझं काम ते आहे."

मैदानावर पट्टे आखायच्या सामानाजवळ वाळूची बादली होती. आम्ही मोज्यात वाळू भरली. गाठ कुठे मारली होती ते लोकरीवर अजून दिसत होतं, तिथपर्यंत. माझा काटा म्हणाला, दोनशे एकतीस.

मी त्यांना लगेच सांगितलं, की याने काही सिद्ध होत नाही. वाळू आणि माती यांचं वजन सारखं नसतं, लोकर धुतल्यावर आटते. खरी चाचणी वेगळी आहे, ती मी केलेली नाही, पण करता येईल. त्यांनी मान हलवली. त्यांचं लक्ष कपाटाकडे होतं.

"डबा काढ."

मी खालच्या फळीवरून डबा काढला तेव्हाच तो जड लागला. झाकण उघडलं. आतली माती काळी, ओलसर होती, तिच्यात गवताची पांढरी मुळं होती. डबा गळ्यापर्यंत भरलेला होता.

एमिलला फोन केला तर तो पाच मिनिटांत स्वतःच आला, दुकानातून तसाच. तो खूश होता. माझा अहवाल वाचून त्याला दोन रात्री झोप लागली नव्हती, असं त्याने सांगितलं. मग ईस्टरच्या सुट्टीत तो व्हॅन घेऊन सरळ झोलावला गेला. जुन्या मैदानावर आता शाळा आहे, पण मध्यबिंदू कुठे होता ते एका म्हातारीने दाखवलं. येताना सीमेवर नऊ तास रांगेत उभा राहिला. बुधवारी पोचला.

"आता शंभर टक्के," तो म्हणाला. "आता तपासा हवी तर."

"आणि आधीची?" मी विचारलं.

"ती? दुकानामागे डबा धुतला. पाइपचं पाणी मारून." त्याला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. "तुम्हीच लिहिलं होतं ना, अशुद्ध म्हणून."

मी काही बोलण्याआधी विटोल्ड म्हणाले, "चांगलं केलंस एमिल. लांबचा प्रवास केलास." त्यांनी मोजा कधी खिशात घातला ते मला दिसलं नव्हतं. एमिल निघून गेल्यावर ते मला म्हणाले, "त्याला यातलं काही सांगायचं नाही. बिचारा नऊ तास उभा होता."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं आणि विचारलं, की चाचणी करायला माती उरली आहे का. वीस ग्रॅममधली थोडी उरली आहे, मी म्हणाले.

तेव्हा मला माझ्या वहीची आठवण झाली. फेब्रुवारीत उतरवलेल्या तक्त्यात एक स्तंभ मी सवयीने भरला होता आणि पुन्हा पाहिला नव्हता. सामना सुरू झाल्याची वेळ. पहिला घरचा सामना नेहमी पाचचा असे. मी वही उघडली आणि पंचांच्या वेळा वाचून दाखवल्या. १९४६, पाच. १९४७, पाच. १९४८, पाच वाजून चार मिनिटं. १९४९, पाच वाजून तीन. १९५०, पाच वाजून चार. विटोल्ड म्हणाले, सगळ्या वाच. मी १९७८ पर्यंतच्या सगळ्या वाचल्या. एकतीस वर्षांत एकदाही सामना वेळेवर सुरू झालेला नव्हता. १९७९, पाच. १९८०, पाच.

"२००३ पासूनच्या वाच," ते म्हणाले.

"सगळ्या पाच."

"हो," ते म्हणाले. "दहा सेकंद."

चाचणीला तुलनेसाठी कोल्हापूरची माती हवी होती. मी बाबांना फोन केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.  मी त्यांना विटोल्डच्या आईचं नाव दिलं होतं, स्तेफानिया. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ख्रिस्ती दफनभूमीत गेले. पोलिश लोकांच्या भागात त्यांनी एकेक दगड वाचला. काहींवरची अक्षरं झिजली होती. ते नाव सापडलं नाही. मग त्यांनी त्या भागातल्या चार जागांवरून थोडी थोडी माती घेतली, आणि ज्या दगडांवर काहीच वाचता येत नव्हतं त्यांच्यापुढे झेंडूची फुलं ठेवली.

"किती ठेवलीत म्हणून विचारशील," ते म्हणाले. "अकरा."

विभागाचं परवानगीपत्र जोडून माती कुरियरने यायला तेरा दिवस लागले. चाचणी निकेलची. ओल्शिनकडच्या बेसॉल्टमध्ये ते भरपूर असतं, आपल्याकडच्यात कमी. मी तिन्ही नमुन्यांतले काळे कण चुंबकाने वेगळे काढले आणि प्रत्येकाची चाचणी तीनदा केली. २७ एप्रिलला ओल्शिनला गेले.

विटोल्ड मैदानावर होते, कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी ठोकत. मी म्हटलं, बसूया का. ते म्हणाले, उभ्यानेच सांग.

"दर दहा लाख भागांत निकेल किती, ते हे आकडे सांगतात," मी म्हणाले. "इथल्या खडीत दोनशे चाळीस. बाबांनी पाठवलेल्या मातीत एकोणऐंशी."

"आणि डब्यात?"

"शहात्तर."

त्यांनी काठीवरचा हात काढला नाही. "चूक किती असू शकते?"

"पाच. इकडे किंवा तिकडे."

"म्हणजे इथली नाही."

"इथली नाही."

मोजा दोरीवर वाळत होता, असं ते पुन्हा एकदा म्हणाले, पण यावेळी मला उद्देशून नाही. मग त्यांनी विचारलं, की परतीची गाडी किती वाजता आहे आणि त्याआधी तासभर चालता येईल का.

दफनभूमी टेकडीवर होती. त्यांना बापाची कबर कुठे आहे हे माहीत नव्हतं, आम्हाला कार्यालयात विचारावं लागलं. सतरावी ओळ, सहावी जागा. दगडावर नाव, दोन सालं आणि खाली क्लबचं चिन्ह. क्लबनेच बसवला असावा. विटोल्डनी रुमालाने दगड पुसला, मग खाली वाकून कडेचं गवत उपटायला लागले. मी मदत करायला पुढे झाले तर म्हणाले, राहू दे. ते मुळापासून, एकेक काडी काढत होते. माझी गाडी चुकली.

ऑगस्टमध्ये मी भारतात परतणार होते. हंगामातला पहिला घरचा सामना ११ तारखेला होता, शेजारच्याच गावाशी. आदल्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत उरलेली माती तोलली. चाचण्यांत वापरलेली परत मिळत नाही. हात न लागलेली ३.६ ग्रॅम शिल्लक होती. अंगुस्तान भरायला ४.३ लागतात.

मी ती काचेच्या छोट्या कुपीतून नेली. खोलीत, एमिल यायच्या आधी, विटोल्डनी ती अंगुस्तानात ओतली. वर थोडी जागा राहिली. ती भरायला त्यांनी डब्यातली नवी माती घेतली नाही.

"अशीच राहू दे," ते म्हणाले.

दोनएकशे माणसं होती. पाहुण्यांच्या बाजूने मालगाडीची घोषणा सुरू झालेली होती. एमिलने डब्यातली नवी माती आधी मुठीने मध्यबिंदूवर टाकली, टाळ्या झाल्या, तो बाजूला झाला. खेळाडू जागेवर उभे राहिले. मग विटोल्ड एकटे मध्यापर्यंत गेले. ऐंशी वर्षांचा माणूस. आधी एक गुडघा टेकला, मग हात टेकून दुसरा. अंगुस्तान उलटं केलं, बोटाने आतून पुसलं. पंच तरुण होता. त्याने शिट्टी तोंडाला लावली, घड्याळ पाहिलं आणि शिट्टी खाली घेतली. पलीकडून कुणीतरी ओरडलं, आजोबा, उठवायला यायचं का. थोडं हसू उठलं आणि विरलं. मालगाडीची घोषणाही थांबली.

विटोल्ड तीन वर्षांनी, हिवाळ्यात गेले. एमिलने मला कळवलं आणि मी मागितलं म्हणून त्या सामन्याच्या नोंदीचा फोटो पाठवला. वहीत पंचाचं अक्षर आहे. तारीख, दोन्ही संघांची नावं, त्याखाली: सामना सुरू होण्याची ठरलेली वेळ पाच. प्रत्यक्ष वेळ, पाच वाजून सहा मिनिटं.